भरलेली वाटी, उपाशी पाखरू

या सदरात आजवर मधुमेह, रक्तदाब, लहान मुलांचे जुलाब असेच विषय येत गेले. आज पक्ष्यांच्या जेवणावर लिहितो आहे म्हणून काही वाचकांना नवल वाटेल. मी पक्ष्यांचा डॉक्टर नाही, माणसांचा आहे. तरीही लिहितो, कारण आमच्या घरातले एक पाखरू माझ्या चुकीने गेले. आणि तीच चूक आपल्या गावातल्या कितीतरी घरांत रोज होत असेल, अशी मला खात्री वाटते.

माझी मुलगी २०२२ साली शिक्षणासाठी पुण्याला गेली. जाताना आपले दोन बजरीगर आमच्यावर सोपवून गेली. बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते हे ऑस्ट्रेलियातले चिमुकले पोपट. पिवळीचे नाव हळदी, निळ्याचे नाव निळ्या. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे आम्ही कांगणीची पिशवी आणायचो. कांगणी म्हणजे आपला राळा. सकाळी वाटी भरली, पाणी बदलले, की काम झाले. पाखरे किलबिलत होती, पिसे चकचकीत दिसत होती. यापलीकडे काही हवे असते, हे माझ्या डोक्यातही आले नाही.

दोन वर्षांनी नात्यातल्या लग्नासाठी आम्ही चार दिवस परगावी गेलो. शेजारचा आठवीतला मुलगा पाखरांकडे बघणार होता. "वाटी रिकामी दिसली की भर", एवढेच मी त्याला सांगितले. परत आलो तेव्हा हळदी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसली होती. चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती. रात्र तिने कशीबशी काढली. सकाळी ती गेली.

शेजारचा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "काका, वाटी रोज भरलेलीच होती हो!"

त्याचे म्हणणे खरे होते. मी वाटी हातात घेऊन हलकेच फुंकर मारली, आणि वाटीतले सगळे उडाले. ती नुसती टरफले होती. बजरीगर दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून पाहणाऱ्याला वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण खाली दाणे असतात थोडेसेच. दोघांपैकी जो धट्टाकट्टा त्याला ते मिळाले. दुसरीला मिळाले नाहीत. दोष त्या मुलाचा नाही. फुंकर मारून बघायची असते, हे त्याला सांगणे माझे काम होते, पण ते मलाच ठाऊक नव्हते.

माझ्या ओळखीचे एक पशुवैद्य आहेत. हळदीला त्यांच्याकडे नेऊन दाखवले. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे वर आले होते. चोच उघडून त्यांनी तोंडातले पांढरट चट्टे मला दाखवले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उपासमार चार दिवसांची असेल, पण कुपोषण दोन वर्षांचे आहे. हिला 'अ' जीवनसत्त्व कुठून मिळायचे?"

मी खाली मान घालून ऐकले. गेली तीस वर्षे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईला मी सांगत आलो आहे, "बाई, पोराला पालेभाजी द्या, गाजर द्या." आणि माझ्याच घरातले पाखरू बारा महिने कोरड्या राळ्यावर काढत होते.

कोंबड्यांनी शिकवलेला धडा

खरे तर हा धडा वैद्यकशास्त्राला पक्ष्यांनीच शिकवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आईकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढरा, सडलेला भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायला त्याने नकार दिला, आणि कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या. तांदळाच्या कोंड्यातच काहीतरी मोलाचे असते, ही गोष्ट तिथून उलगडत गेली. कासिमिर फंक यांनी कबुतरांवर प्रयोग केले आणि १९१२ साली अशा द्रव्यांना 'व्हिटामिन' हे नाव सुचवले. आईकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला असे पाखरांकडून कळले. आणि आपण पाखरांनाच ते लागू करायला विसरलो!

राळा, बाजरी, सूर्यफुलाचे बी यांत पिष्ट आणि चरबी भरपूर असते, पण 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. कॅल्शियमही फार कमी. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले, की तोंडाचे, नाकाचे आणि श्वासनलिकेचे ओलसर अस्तर कोरडे आणि जाड होते. तिथे जंतूंना घर मिळते. माणसाच्या मुलांमध्ये हीच कमतरता रातांधळेपणाने दिसते. त्यासाठीच आपल्याकडे नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात. तो आपल्या मुलांना चुकवू नका, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मात्र हे औषध किंवा मुलांचे व्हिटामिनचे थेंब पाखराच्या पाण्यात घालू नका. बजरीगर जेमतेम ३५ ग्रॅमचा, आपण ७० किलोचे. फरक दोन हजार पटींचा आहे. 'अ' जीवनसत्त्व जास्त झाले तर तेही विषच. भाजीचे मात्र तसे नाही. गाजर-भोपळ्यातल्या नारिंगी रंगद्रव्यापासून शरीर हवे तेवढेच जीवनसत्त्व बनवते. म्हणून औषधापेक्षा भाजी बरी.

कोणत्या भाज्या द्याव्यात?

लक्षात ठेवायला सोपे सूत्र असे: एक नारिंगी, एक गडद हिरवी, एक शेंगवर्गातली.

नारिंगीत गाजर आणि लाल भोपळा. रताळे आतून नारिंगी असेल तर उत्तम. आपल्याकडे बहुधा मिळते ते आतून पांढरे असते, त्यात हा गुण नसतो. हिरव्यात मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, ढोबळी मिरची. शेंगांमध्ये फरसबी आणि ओले वाटाणे. मोड आलेले मूगही चालतात, पण ते त्याच दिवशीचे आणि स्वच्छ धुतलेले हवेत. पालक आणि चुका यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्या भाज्या क्वचितच द्याव्यात.

आपले आजी-आजोबा पोपटाला हिरवी मिरची देत. आपल्याला वाटे, बिचाऱ्याचे तोंड पोळत कसे नाही? तर ते खरोखरच पोळत नाही. मिरचीतला तिखट पदार्थ आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला चेतवतो, ती पक्ष्यांमध्येही असते, पण या तिखटाला दाद देत नाही. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ साली हे दाखवून दिले. याच ग्राहीच्या शोधासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. तेव्हा मिरची खुशाल द्या. तिच्यात 'अ' आणि 'क' दोन्ही जीवनसत्त्वांची सोय आहे. पाखराला देऊन झाल्यावर स्वतःचे हात मात्र धुवा, डोळ्यांना लावू नका!

काय देऊ नये?

ॲव्होकॅडो आता आपल्या बाजारातही दिसू लागला आहे. तो पक्ष्यांना जीवघेणा आहे. कांदा, लसूण, चॉकलेट, चहा, कॉफी वर्ज्य. सफरचंद देताना बिया काढाव्यात. राजमा किंवा इतर कडधान्यांचे कोरडे दाणे कच्चे देऊ नयेत. टोमॅटोचा पाला, हिरवट बटाटा नको. फोडणीची भाजी, शेव, फरसाण, बिस्कीट हेही नको. मघाचा हिशेब आठवा: पाखराने एक ग्रॅम फरसाण खाल्ले, तर ते आपण दोन किलो खाल्ल्यासारखे आहे.

बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका तर अजिबात नको. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि कारण निघाले शेंगदाण्याच्या पेंडीतले बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. हे विष माणसालाही सोडत नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. कुबट वास येणारे दाणे "पाखराला टाकू" म्हणून ठेवू नका. ते ना पाखराचे, ना आपले.

ताजे मिश्रण

सकाळी घरच्या भाजीला मीठ-मसाला पडण्यापूर्वीच पाखराचा वाटा काढून ठेवावा. म्हणजे वेगळा खटाटोप पडत नाही. भाजी मोठ्या भांड्यात पाणी बदलून तीन वेळा धुवावी, पालेभाजी पान वेगळे करून धुवावी. पाणी निथळू द्यावे. गाजर किसावे, फरसबी आणि ढोबळी मिरची मुगाच्या दाण्याएवढी बारीक चिरावी, वर कोथिंबीर घालावी. दर बजरीगरमागे एक चहाचा चमचा मिश्रण पुरते. कॉकेटील आकाराने मोठा, त्याला दोन ते तीन चमचे.

हे सकाळी द्यावे, कारण तेव्हा पाखराला भूक असते. दोन तासांनी उरलेले काढून टाकावे, उन्हाळ्यात तासाभरातच. चिरलेली ओली भाजी आणि आपला एप्रिल-मेचा उकाडा म्हणजे जंतूंची जत्रा. लग्नाच्या जेवणानंतर दवाखान्यात ज्या रांगा लागतात, त्यांचे कारणही हेच असते.

गोठवलेले मिश्रण

रोज चार भाज्या चिरायला सगळ्यांना सवड नसते. गावाला जायचे असते. शिवाय हिवाळ्यात गाजर-वाटाणे स्वस्त आणि कोवळे मिळतात, उन्हाळ्यात ते महाग होतात. म्हणून गोठवलेले मिश्रण हाताशी असावे. दोन बजरीगरांना महिनाभर पुरेल असे प्रमाण सांगतो.

बारीक चिरलेले गाजर, चिरलेली फरसबी, ओले वाटाणे आणि लाल भोपळ्याच्या फोडी, प्रत्येकी अर्धी वाटी घ्यावी. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळावे. गाजर, फरसबी आणि वाटाणे त्यात दोन मिनिटे घालून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत. भोपळा मऊ होईपर्यंत वाफवून गार करावा. मीठ घालू नये. नुसत्या कच्च्या भाज्या गोठवल्या, तर त्यांच्यातले पाचकरस थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग, चव, जीवनसत्त्वे कमी होतात. दोन मिनिटांच्या उकळीने ते थांबतात. थोडे 'क' जीवनसत्त्व जाते खरे, पण गाजर-भोपळ्यातले आपल्याला हवे असलेले रंगद्रव्य बहुतेक टिकते.

भाज्या स्वच्छ कापडावर पसरून कोरड्या कराव्यात. वाटाणे थोडे ठेचावेत. सगळे एकत्र करून बर्फाच्या ट्रेमध्ये प्रत्येक खणात दोन-दोन चमचे भरावे. एक खण म्हणजे दोघांचा एका दिवसाचा शिधा. गोठल्यावर वड्या काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, वर तारीख लिहावी. महिन्याभरात संपवाव्यात. पालेभाजी आणि काकडी गोठवू नये, त्यांचा लगदा होतो. कोथिंबीर किंवा मेथी रोजची ताजीच वर घालावी.

रात्री एक वडी वाटीत काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. सकाळी सुटलेले पाणी ओतून द्यावे, थोडा वेळ बाहेर ठेवून गारपणा मोडावा, मग द्यावी. बर्फासारखे गार देऊ नये. एकदा विरघळलेले पुन्हा गोठवू नये.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, म्हणजे वीज. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. वीज गेली की ते जागे होतात, आणि वीज आल्यावर वडी पुन्हा गोठून वरून शहाण्यासारखी दिसते. यावर सोपा उपाय आहे. एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचे नाणे ठेवावे आणि वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्यावी. परगावाहून आल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. नाणे तळाला गेले असेल, तर मधे सगळे विरघळले होते असे समजून मिश्रण फेकून द्यावे. आपल्यासाठी ठेवलेल्या मटाराच्या पिशव्यांनाही हीच परीक्षा लावावी.

पाखरू भाजी खातच नसेल तर?

पहिल्या दिवशी कुठलेच पाखरू खात नाही. निळ्याने तर वाटीकडे पाठ फिरवली. अशा वेळी "भूक लागली की खाईल" म्हणून दाणे बंद करणे हा घातक मूर्खपणा आहे. एवढासा जीव दीड-दोन दिवसांच्या उपासाने मरू शकतो. दाणे चालू ठेवायचे, फक्त मोजून: एका बजरीगरला दिवसाला साधारण दीड चमचा. आणि रोज टरफले फुंकून टाकायची.

आम्ही ओली मेथीची जुडी पिंजऱ्याला चिमट्याने टांगली. निळ्या आधी त्या ओल्या पानांत लोळून अंघोळ करू लागला. अंघोळ करता करता पाने कुरतडू लागला. ही जात थव्यात राहणारी आहे, दुसरा खातो आहे असे दिसले की तेही धीर करते. थव्यात आता मीच होतो. म्हणून रोज सकाळी पिंजऱ्यासमोर बसून मी गाजर आणि भोपळ्याच्या फोडी खाऊ लागलो. लाल भोपळा मी जन्मात कधी आवडीने खाल्ला नव्हता, पण निळ्यासाठी खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात त्याने गाजराचा पहिला कीस उचलला. त्या दिवशी सौभाग्यवतीने मुलीला फोन करून सांगितले, की दोन्ही हट्टी जीव भाजी खायला लागले आहेत.

ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरात असेल, तर आठवड्यातून एकदा पाखराचे वजन करावे. पक्षी आजार लपवतो, काटा लपवत नाही. ३५ ग्रॅमचे ३१ झाले, तर पशुवैद्यांना दाखवायला हवे. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेन टांगावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. पक्ष्यांसाठीचे तयार गोळीखाद्य शहरात मिळते. पशुवैद्यांच्या सल्ल्याने ते मुख्य आहार म्हणून द्यावे, भाजी त्याच्या जोडीला. ते मिळत नसेल तिथे भाजीचे महत्त्व दुप्पट.

आपली काळजी

पाखरांच्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून माणसाला आजार होऊ शकतात. पिंजऱ्यातला कागद कोरडा झटकू नये. आधी पाणी शिंपडावे, मग गुंडाळून टाकावा. हात साबणाने धुवावेत. पाखरांची भांडी वेगळी धुवावीत. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला असेल, तर "आमच्याकडे पक्षी आहेत" हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. सिटॅकोसिस नावाचा आजार त्यात असू शकतो, आणि वेळेवर कळला तर साध्या गोळ्यांनी तो बरा होतो. घरात कुणाला दमा असेल, तर पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. शिवाय न चिकटणारा तवा रिकामा तापत राहिला, की त्यातून निघणारा वायू काही मिनिटांत पाखराचा जीव घेतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात कधीच नको.

आणखी एक सांगायला हवे. आपल्या रानातला हिरवा राघू, मैना, मुनिया यांना पकडणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यांची जागा झाडावर. हा लेख वाचून कुणी त्यांच्यासाठी पिंजरा आणू नये.

निळ्या आता दोन खोल्यांत मोकळा उडतो. त्याला नवी जोडीदारीण आणली आहे, तीही मेथीत लोळते. परवा शेजारचा तो मुलगा आला होता. दारातून आत येताच तो सरळ पिंजऱ्याकडे गेला, वाटी काढली आणि कुणी न सांगता फुंकर मारली. टरफले उडाली, खालचे दाणे दिसले. मग त्याने माझ्याकडे पाहून मान डोलावली.

वाचकहो, घरात पाखरू असेल तर आज एवढे करा: वाटीवर एक फुंकर मारून बघा. आणि घरात मुले असतील, तर त्यांच्या ताटाकडेही जरा बघा. भरलेले ताट आणि पोसलेले मूल, यांत कधी कधी फुंकरीएवढेच अंतर असते.